पाण्यावर उतरणारी विमाने

गेल्या वर्षी दिवाडीच्या फेरीबोटीतून मांडवी ओलांडताना वर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, बोट लागते तेथेच विमान का उतरू नये?" सोबतची मुले हसली. आम्ही मात्र हसलो नाही. कारण जेथे ही गोष्ट नित्य घडते असा एक देश आपल्यापासून फारसा दूर नाही. तो देश म्हणजे मालदीव.

लक्षद्वीपाच्या दक्षिणेस, हिंदी महासागरात, सुमारे १,२०० चिमुकल्या बेटांचे हे राष्ट्र उत्तर-दक्षिण ८०० किलोमीटरांहून अधिक अंतरात विखुरलेले आहे. ही बेटे पोवळ्यांनी बांधलेली असून कंकणाकार समूहांत वसली आहेत. अशा कंकणास जग 'अ‍ॅटॉल' म्हणते. तो शब्दही तेथल्या दिवेही भाषेनेच जगाला दिला. ही भाषा आपल्या मराठी-कोंकणीची दूरची नातलग होय. 'दिवेही' म्हणजे द्वीपवासी. मुळात शब्द आपला 'द्वीप'च. कानडी मुलखात होडीला दोणी म्हणतात, तर मालदीवात धोनी!

पूर्वी या धोनींवाचून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यास साधन नव्हते. १९७२ साली तेथे पहिले पर्यटक-निवास उघडले. एका बेटावर एकच निवास, अशी पद्धत पुढे रूढ झाली. परंतु हाताच्या तळव्याएवढ्या बेटावर धावपट्टी बांधावी कोठे? बांधली तर पाहुण्यांस राहावयास जागा उरणार नाही! १९८९ साली 'हमिंगबर्ड' नावाच्या छोट्या कंपनीने हेलिकॉप्टरे आणून हा प्रश्न सोडविण्याचा यत्न केला. तीच पुढे 'ट्रान्स मालदीवियन एअरवेज' झाली आणि पाण्यावर उतरणारी विमाने चालवू लागली. २०१३ साली 'मालदीवियन एअर टॅक्सी' ही दुसरी कंपनी तीत विलीन झाली. आज अशा विमानांचा जगातील सर्वांत मोठा ताफा तिच्याजवळ आहे, असे मानले जाते.

हे विमान म्हणजे कॅनडात घडविलेले 'ट्विन ऑटर'. १९६५ साली ते प्रथम आकाशात झेपावले. दोन इंजिने, पंधराच्या आसपास प्रवासी, आणि चाकांच्या जागी होडीच्या आकाराचे दोन लांबट, पोकळ फ्लोट. विमानाच्या वजनाइतके पाणी हे फ्लोट बाजूस सारतात, म्हणून ते तरते. येथे आर्किमिडीजचाच नियम आहे. फ्लोटच्या पोटात अनेक बंद कप्पे असतात. एकात पाणी शिरले तरी उरलेले विमानास तारून नेतात. फ्लोटच्या तळाला एक पायरी असते. वेग वाढला म्हणजे तिच्यामुळे पाण्याची पकड सुटते आणि विमान पृष्ठभागावरून सरकत सरकत अलगद वर उठते.

उतरण्याची जागा म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतील शांत पाणी. तथापि पाणी अगदी आरशासारखे निश्चल असणेही वैमानिकास नकोच असते. कारण मग आपण पाण्यापासून किती उंचीवर आहोत, हे नजरेस कळत नाही. बारीक तरंग असलेले पाणीच सोयीचे. उतरल्यावर विमान पाण्यातील तरत्या फलाटाला बांधतात, आणि तेथून होडी पाहुण्यांस बेटावर नेते. वैमानिक बहुधा अनवाणीच असतो!

या पाण्याच्या धावपट्टीवर दिवे लावता येत नाहीत. म्हणून विमाने केवळ उजेडातच उडतात. रात्री राजधानीजवळच्या विमानतळावर उतरलेला पाहुणा कितीही धनिक असो, त्यास पुढच्या विमानासाठी सूर्योदयाची वाट पाहावी लागते. शिवाय खारे पाणी धातूचे वैरी. विमान व इंजिने गोड्या पाण्याने वारंवार धुवावी लागतात, नाहीतर गंज चढावयास वेळ लागत नाही.

येथपर्यंतची कथा मौजेची आहे. परंतु तिची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी पाहिली पाहिजे. ही विमाने मुख्यत्वे पाहुण्यांसाठी. बेटावरील कोळी आजही बहुधा बोटीनेच ये-जा करतो. मात्र त्याच्या घरातील पगार पुष्कळदा त्याच पाहुण्यांच्या येण्यावर अवलंबून असतो. सुमारे पाच लाख वस्तीच्या या देशात २०२४ साली वीस लाखांहून अधिक पर्यटक आले. उलट २०२० साली महामारीमुळे मार्चअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाहुण्यांना दार बंद झाले, तेव्हा एकाच उद्योगावर विसंबणे म्हणजे काय, हे त्या देशास कळून चुकले. पर्यटनावर जगणाऱ्या आपल्या गोमंतकासही तो अनुभव नवा नाही.

याहून मोठा प्रश्न समुद्राचाच आहे. मालदीवच्या भूमीची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर, म्हणजे आमच्या आठवीतील मुलाच्या उंचीएवढी! विमानांत जळणाऱ्या इंधनाचा धूर पृथ्वीला तापविणाऱ्या कारणांपैकी एक आहे. आणि पृथ्वी तापली की समुद्र चढतो. जे साधन त्या बेटांस अन्न देते, तेच थोड्या अंशी त्यांच्या पायाखालची वाळूही काढून घेते. दोष एकट्या त्या छोट्या विमानाचा नव्हे. साऱ्या जगाच्या चिमण्यांचा आणि वाहनांचा त्यात वाटा आहे, आपलाही आहे.

त्या विद्यार्थ्यास आम्ही एवढेच म्हणालो, "बाळ, बोट लागते तेथे विमान उतरू शकते. माणसाच्या बुद्धीला ते अवघड नाही. पण ज्या किनाऱ्यावर उतरायचे, तो किनारा राखणे अधिक अवघड आहे. ते काम तुम्हां मुलांना करावयाचे आहे."

एवढ्यात फेरीबोट धक्क्याला लागली.