तिसगाव परिसरासाठी मिनी डाळ मिल : कोरडवाहू तुरीचे मोल गावातच

करंजी घाट उतरून पाथर्डीकडे निघाले की तिसगाव लागते. आसपासच्या वाड्या-वस्त्यांचे हे बाजाराचे गाव. भोवतालची जमीन बहुतांशी हलकी ते मध्यम, पाऊस बेभरवशाचा आणि शेती मुख्यतः कोरडवाहू. या जमिनीत बाजरीच्या पाभरीबरोबर तुरीची ओळ टाकण्याची रीत जुनीच आहे. बाजरी गेली तरी तूर काहीतरी देऊन जाते, हा तुमचा अनुभव. विद्यापीठाची बाजरी + तूर (२:१) ही आंतरपिकाची शिफारसही याच अनुभवाशी जुळणारी आहे.

असे असूनही तुरीचे गणित शेवटी उलटे पडते. जानेवारीत आपण तूर पोत्याने विकतो आणि जून-जुलैत तिचीच डाळ किलोने विकत आणतो. मधल्या काळात तूर बाहेरगावच्या मोठ्या मिलमध्ये जाते, तिचे टरफल निघते आणि दोन दळे वेगळी होतात. एवढ्या कामासाठी आपण आडत, हमाली, दोन वेळचे भाडे आणि मधल्यांचा नफा भरतो. शिवाय चुणी आणि टरफल तिकडेच राहते. आपल्या शेळ्या-म्हशींसाठी तेच पुन्हा पशुखाद्याच्या पोत्यातून विकत घ्यावे लागते.

यावर एक उपाय आहे आणि तो नवा नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीवर चालेल अशी लहान डाळ मिल विकसित केली. ती ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ या नावाने ओळखली जाते. विदर्भात आणि विदर्भाबाहेरही बचत गटांनी व तरुण शेतकऱ्यांनी तिच्यावर छोटे व्यवसाय उभे केले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेही लहान डाळ मिल, तसेच हाताने चालविण्याचे डाळयंत्र तयार केले आहे. आपल्या भागात मात्र पिठाची गिरणी गावोगाव आणि डाळ मिल विरळा, अशी स्थिती दिसते. म्हणून या यंत्राचे काम कसे चालते आणि धंदा म्हणून ते कुठे पेलते, कुठे अडते, याची माहिती या लेखात दिली आहे.

तूर भरडायला कठीण का?

हरभरा जात्यावर सहज फुटतो, तूर फुटत नाही. तुरीच्या दाण्यात टरफल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. तो सैल झाल्याशिवाय टरफल सुटत नाही. जबरदस्तीने भरडल्यास टरफल तसेच राहते आणि डाळीची कणी होते. डाळ करण्याचे सारे कसब हा थर सैल करण्यातच आहे. रोलर फिरविणे हा त्यातला सोपा भाग होय.

आपल्या घरी आयाबाया तूर भिजवून, तिला तांबडी माती किंवा काव लावून, रात्रभर ढीग घालून आणि मग उन्हात वाळवून डाळ करीत. ही ओली पद्धत. यात टरफल चांगले सुटते; मात्र दाणा पाणी पितो, वाळताना डाळीच्या मध्यभागी खळगा पडतो आणि अशी डाळ शिजायला वेळ घेते. मिनी डाळ मिलमध्ये कोरडी पद्धत वापरतात. तिची डाळ लवकर शिजते. इंधनाचा विचार केला तर रोज चूल पेटविणाऱ्या घरात हा फरक लहान नाही.

कोरड्या पद्धतीचा क्रम असा आहे. प्रथम तूर चाळून खडे, काडीकचरा, फुटके व किडके दाणे काढावेत आणि लहान-मोठे दाणे वेगळे करावेत. प्रतवारीचा हा भाग कंटाळवाणा असतो, म्हणून बरेच जण तो टाळतात. तसे करू नये. रोलर आणि जाळी यांमधील अंतर एकच असते. मोठ्या दाण्याला ते बरोबर बसविले तर लहान दाणा न सोलता निघून जातो, आणि लहान दाण्याला बसविले तर मोठा दाणा चुरडतो. प्रतवारी केलेल्या तुरीला पहिल्या फेरीत कुरुंदाच्या रोलरवर नुसते ओरखडे पाडून घ्यावेत. टरफल काढण्याची घाई येथे नको. ओरखडे पडलेल्या दाण्याला क्विंटलमागे साधारण पाव ते अर्धा किलो खाद्यतेल सारखे चोळावे आणि रात्रभर ढीग करून झाकून ठेवावे. ओरखड्यांतून तेल आत शिरते. दुसऱ्या दिवशी तूर ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हात वाळवावी. नंतर थोडे पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ढीग घालावा आणि परत कडक वाळवावी. पाण्याने दाणा किंचित फुगतो, उन्हाने आकसतो, आणि या फुगण्या-आकसण्यात टरफल डाळीपासून सुटते. दाण्यातील ओलावा ९ ते १० टक्क्यांवर आला की मगच यंत्र चालू करावे. दाताखाली धरलेला दाणा दबला तर ओल आहे, आणि कट्‌कन फुटला तर तूर तयार आहे, ही जुनी परीक्षा आजही उपयोगी पडते.

यानंतर दोन-तीन फेऱ्यांत टरफल निघते, डाळ होते, आणि पंखा व चाळण्या डाळ, गोटा, कणी व टरफल वेगळे करतात. न फुटलेला गोटा पुन्हा तेल-पाणी देऊन पुढच्या घाणीत घालावा. सगळा माल एकाच फेरीत उरकण्यासाठी रोलर आवळला तर वेळ वाचतो. पण त्या वाचलेल्या वेळेची किंमत कणीत मोजावी लागते.

हिशेब उताऱ्याचा

तुरीच्या दाण्यात टरफलाचा भाग साधारण १२ ते १५ टक्के असतो. म्हणजे कागदावर शंभर किलोला ८५ किलोच्या आसपास डाळ निघायला हवी. प्रत्यक्षात चांगल्या मिलमध्ये ७० ते ७५ किलो निघते. घरगुती जात्यावर याहून बरीच कमी निघते. धंद्याचे यश-अपयश या उताऱ्यावर ठरते.

उदाहरणादाखल समजा, तूर ७५ रुपये किलोने पडली. शंभर किलोचे ७,५०० रुपये झाले. डाळ ७० किलो आणि चुणी-टरफल-कणी मिळून २५ किलो निघाले. ५ किलो ओलावा व धूळ यांत गेले. चुणी-टरफलाचे किलोला २० रुपये धरले तर ५०० रुपये परत आले. राहिले ७,०००. म्हणजे नुसत्या मालापोटी डाळ १०० रुपये किलोने पडली. आता उतारा ७० ऐवजी ६५ किलो आला असे धरा. चुणी ३० किलो झाली, तिचे ६०० रुपये आले आणि उरलेले ६,९०० रुपये ६५ किलोवर पडले. डाळ १०६ रुपयांच्या पुढे गेली. वीज, मजुरी, तेल, बारदान व बँकेचा हप्ता अजून यात धरलेलाच नाही. किलोमागे हे सहा रुपये म्हणजे अनेकदा सगळा नफाच असतो. यंत्र विक्रेता ताशी किती क्विंटल माल निघतो ते आवर्जून सांगतो. तुम्ही त्याला उतारा विचारावा, आणि तोही आपल्या तुरीचे एक पोते नेऊन, समोर भरडून, वजन करून पाहावा. मोटार सिंगल फेजवर चालणारी आहे की थ्री फेजवर, हेही मागणी देण्यापूर्वी पक्के करावे. नाहीतर यंत्र घरी येऊन वीजजोडणीसाठी महिनोन्‌महिने पडून राहते.

विकत घेऊन की मजुरीवर?

माझे मत स्पष्ट आहे. पहिली दोन वर्षे तरी शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्यावी; तूर विकत घेऊन साठा करण्याच्या फंदात पडू नये. तुरीचा भाव कसा उलटतो ते आपण पाहिले आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ अनेक शहरांत २०० रुपये किलोच्या वर गेली होती. त्या भावाने सर्वत्र तुरीचा पेरा वाढला, २०१६ चा पाऊस चांगला झाला आणि पीक उदंड आले. त्या हंगामाचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये होता, पण बाजारात तूर त्याखाली गेली. २०१७ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात खरेदी केंद्रांसमोर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. २२ एप्रिलला खरेदी थांबविण्यात आली तेव्हा अनेकांचा माल केंद्रांच्या दारातच होता. आदल्या वर्षी चढ्या भावाने तूर भरून ठेवणाऱ्या छोट्या उद्योजकाची काय गत होईल, याची कल्पना करता येईल. ‘बाजारात तुरी’ ही म्हण उगाच पडलेली नाही.

मजुरीच्या कामात भावाची जोखीम मिलवाल्यावर येत नाही. शेतकऱ्याला घरापुरती डाळ हाती पडते, चुणी मिळते, आणि राहिलेली डाळ शहरातल्या नातेवाइकांना किंवा आठवडे बाजारात विकता येते. भाव पडला असेल त्या वर्षी सगळी तूर पोत्याने विकण्याची सक्ती राहत नाही. अशा वर्षीच मिलचा खरा उपयोग कळतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये जाहीर झाला. पण हमीभाव जाहीर होणे आणि तो पदरात पडणे यातले अंतर तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आणखी एक फायदा सहसा कोणी हिशेबात धरीत नाही. तुरीला लागणाऱ्या भुंगेऱ्याची सुरुवात शेतातच, शेंगेवर घातलेल्या अंड्यांपासून होते. पोत्यात भरून ठेवलेल्या अख्ख्या तुरीत त्याच्या पिढ्यांवर पिढ्या वाढतात आणि पावसाळ्यापर्यंत दाण्यांना भोके पडतात. टरफल काढलेल्या डाळीवर हा भुंगेरा तितका पोसत नाही. तेव्हा तूर चांगली वाळवून लवकर डाळ करून ठेवणे हा साठवणुकीचाही उपाय आहे. डाळ मात्र कोरड्या, हवाबंद कोठीत ठेवावी. पावसाळी हवेत ती दमट होते आणि तिला बुरशी धरते.

हंगाम आणि माणसे

पाथर्डी तालुक्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तूर काढणीला येते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे धडधाकट माणसे गावात नसताना. घरी राहिलेले म्हातारे आई-वडील ती कापतात, झोडपतात आणि दारात येईल त्या व्यापाऱ्याला देऊन मोकळी होतात. मोलभाव करायला कोणी नसते. डाळ मिलचा मुख्य हंगाम जानेवारी ते मे असा नेमका याच काळात येतो. ऊनही तेव्हाच भरपूर असते, वाळवण फुकट होते. एका लहान मिलवर तीन-चार माणसांना काम मिळते. यातून ऊसतोड थांबेल असे कोणी म्हणू नये. एका गावात दोन-तीन कुटुंबे मुलांच्या शाळेसाठी मागे राहू शकली, तरी तो फरक त्या मुलांच्या दृष्टीने मोठा आहे. चाळणे, निवडणे, वाळवणे, पॅकिंग ही कामे बचत गटातील भगिनी उत्तम करतात, असा इतर भागांतील अनुभव आहे.

मे नंतर यंत्र बसून राहू नये म्हणून हरभरा हाताशी ठेवावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मूग-उडीद येतात. उडीद व मुगासाठी जाळी आणि रोलरचे अंतर बदलावे लागते, ते यंत्र घेतानाच शिकून घ्यावे. एवढे करूनही वर्षातले काही महिने काम कमीच राहणार. म्हणून केवळ डाळ मिलवर सगळा संसार टाकू नये. पिठाची गिरणी किंवा मिरची कांडप चालविणाऱ्याने त्याच शेडमध्ये ती बसविली तर जागा, वीज आणि गिऱ्हाईक या तिन्हींचा खर्च वाटला जातो.

मिलसाठी तूर हवी तर शेतात ती टिकली पाहिजे. कृषिविद्येच्या दृष्टीने माझा जीव या मुद्द्यात अधिक आहे. तुरीचे सोटमूळ खोल जाते, मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरतात आणि झडलेला पाला जमिनीतच मुरतो. कूपनलिका खोल-खोल नेऊन उसाच्या मागे लागण्यापेक्षा या पट्ट्यात बाजरी-तुरीचे कोरडवाहू पीक जमीन राखून उत्पन्न देणारे आहे. पण ज्या पिकाला भाव नाही ते कोणी केवळ जमिनीच्या भल्यासाठी पेरीत नाही. लवकर येणारे आणि मर रोगास बळी न पडणारे वाण घ्यावेत. राहुरी विद्यापीठाचे विपुला व फुले राजेश्वरी, तसेच बदनापूर केंद्राचे बीडीएन-७११ हे आपल्या भागात घेता येतात. बीडीएन-७११ चा दाणा पांढरा, तर पहिल्या दोन्हींचा तांबडा आहे. भरडताना हे वाण एकमेकांत मिसळू नयेत.

भांडवलासाठी केंद्र शासनाची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद करण्यात आली. योजनेची मुदत आणि त्या वर्षीचे नियम तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावेत. अनुदान मिळते म्हणून मोठे यंत्र घेण्याचा मोह टाळावा, कारण कर्जाचा हप्ता यंत्र बंद असले तरी चालूच राहतो. डाळ पाकिटातून विकायची असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी आवश्यक आहे. पाकिटावर वजन, तारीख आणि ‘विना पॉलिश’ असे स्पष्ट छापावे. मोठ्या मिलची डाळ चकचकीत दिसते ती पॉलिशमुळे. आपली डाळ थोडी मळकट दिसेल. एक वाटी शिजवून दाखवली की गिऱ्हाईक पुन्हा रंग विचारीत नाही.

चुणीबद्दल थोडे. दुभत्या जनावरांना व शेळ्यांना ती भिजवून, इतर खाद्यात मिसळून द्यावी आणि एकदम भरपूर न देता हळूहळू वाढवीत न्यावी. ओल धरलेली, वास येणारी चुणी जनावरांपुढे ठेवू नये. टरफल पावसात भिजले तर खत-खड्ड्यात टाकावे.