शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा कॉलम

पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं महाकवी कालिदास ही नाट्यगृहं आणि आणखी काही सभागृहं सोडली, तर मुंबईच्या उपनगरांत गाणं होतं ते गाण्यासाठी न बांधलेल्या जागांत. भाद्रपदात पाऊस असतो, म्हणून सोसायटीचा गणपती स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बसतो आणि त्याच्यापुढची भक्तिगीतंही तिथेच, गाड्या बाहेर काढून रिकाम्या केलेल्या जागेत. कोजागरी गच्चीवर, दिवाळी पहाट उद्यानात, भावगीतं शाळेच्या हॉलमध्ये, भजन देवळाच्या सभामंडपात. यांतल्या एकाही जागेत आवाजाची सोय नसते. ती टेम्पोतून, रिक्षातून, कधी लोकलच्या मालडब्यातून आणावी लागते आणि रात्री परत न्यावी लागते.

या सगळ्या सामानाला एकच शब्द आहे, साऊंड. तो ठरवताना मंडळाचा कार्यकर्ता असो की स्वतःचा सेट घ्यायला निघालेला गायक, पहिला प्रश्न एकच विचारतो: ‘किती वॉटचा?’ माझं म्हणणं असं, की हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी विचारावं, शेवटची खुर्ची किती लांब आहे, छत किती खाली आहे आणि भिंतीपलीकडे कोणाची खिडकी आहे.

वॉट दुप्पट केले, की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. उलट स्पीकरच्या साध्या डब्यातून निघालेला आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने पडतो. स्पीकरपासून एका मीटरवर बसलेल्याला जे ऐकू येतं, त्यातले २४ डेसिबल सोळा मीटरवरच्या माणसापर्यंत पोचतच नाहीत. मग शेवटच्या रांगेतून हात हलतो, साऊंडवाला आवाज चढवतो आणि पुढे बसलेल्या आजी कानांवर पदर घेतात. दोष वॉटचा नसतो. स्पीकरच्या खोक्यावर पीएमपीओ म्हणून छापलेल्या हजारोंच्या आकड्यांना तर काहीच अर्थ नसतो. पाहायच्या त्या तीन गोष्टी: एका मीटरवर जास्तीत जास्त किती डेसिबल मिळतात, आवाज आडवा किती अंशांत पसरतो आणि उभा किती अंशांत.

उभा पसारा कोणी विचारत नाही, आणि स्टिल्टमध्ये सगळा घात करतो तो तोच. स्टिल्टचं छत बुटकं, वर काँक्रीट, खाली लाद्या, मध्ये खांब. नेहमीचा बारा इंची डबा स्टँडवर चढवला, की त्यातला बराच आवाज वर छतावर आणि खाली लाद्यांवर आपटतो आणि थोडा उशिरा श्रोत्यापर्यंत येतो. तोवर गायकाची पुढची अक्षरं निघालेली असतात. संथ अभंग त्यातून निभावतो. पण द्रुत तान घेतली की एक स्वर दुसऱ्यावर चढतो, शब्दांतली व्यंजनं बुजतात आणि ऐकणाऱ्याला नुसता गलका ऐकू येतो. आवाज वाढवला तर गलकाही तेवढाच वाढतो.

यावरचा उपाय आपल्या देवळांत आणि शाळांत फार जुना आहे. सभामंडपाच्या खांबाला बांधलेला तो उभा, अरुंद, जाळीचा स्पीकर आठवा. प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांचा आवाज त्यातूनच यायचा. त्याला कॉलम म्हणतात. १९४० साली दिल्लीत सुरू झालेल्या अहुजा कंपनीचं नाव असलेले कॉलम आणि अँप्लिफायर महाराष्ट्रभर पोचले आहेत. आत चार किंवा सहा लहान स्पीकर एकाखाली एक बसवलेले. गंमत या मांडणीत आहे. एका रांगेत उभे केलेले स्पीकर एकच आवाज काढतात तेव्हा समोर त्यांच्या लहरी एकमेकींना बळ देतात, वर आणि खाली मात्र एकमेकींना मारतात. आवाज आडवा पसरतो, उभा फारसा पसरत नाही. छताकडे कमी जातं, माणसांकडे जास्त येतं.

या ताब्याला उंचीची मर्यादा आहे. मीटरभर उंचीचा कॉलम साधारण साडेतीनशे हर्ट्झच्या वरच्या आवाजालाच आवरतो; त्याखालचा आवाज सगळीकडे मोकाट जातो. शब्द स्पष्ट करणारी व्यंजनं मात्र त्याच्या बरीच वर असतात, म्हणून बोलण्यासाठी आणि गाण्यासाठी कॉलम चालतो. जुन्या कॉलमची अडचण वेगळी होती. शंभर व्होल्टच्या लाइनवर लांब वायर ओढून भाषण पोचवायला ते बनवले होते, त्यात तानपुऱ्याचा झंकार आणि तबल्याच्या चाटेची धार उमटत नसे. म्हणून गाणाऱ्यांनी त्यांना रामराम केला आणि मोठे डबे आणले. डब्यांबरोबर छताचा गलकाही आला.

कॉलम गाण्याकडे परतला तो मोठा वळसा घेऊन. १९९०च्या दशकात फ्रान्समध्ये ख्रिश्चन हाइल यांनी स्पीकर एकाखाली एक लटकवून मैदानभर आवाज पोचवणारी लाइन अॅरे पद्धत आणली. बोरिवलीच्या मैदानात फाल्गुनी पाठक यांच्या गरब्यासारखा कार्यक्रम असला, की स्टेजच्या दोन्ही बाजूंना वाकलेली जी लांब माळ लटकते, ती हीच. मग २००३ मध्ये बोस कंपनीने एल-वन नावाचा माणसापेक्षा उंच, मनगटाएवढ्या रुंदीचा खांब काढला. त्यात २४ छोटे स्पीकर होते आणि सोबत जमिनीवर ठेवायचा बेसचा डबा. आज त्या धर्तीचे खांब बऱ्याच कंपन्या बनवतात. तत्त्व सभामंडपातलंच आहे, फक्त आतले स्पीकर आता गाण्याच्या लायकीचे झाले आहेत.

कंपनीचे संस्थापक अमर बोस यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. वडील ननी गोपाल बोस हे बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक. इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून सुटून ते अमेरिकेला गेले. मुलगा एमआयटीत शिकला आणि तिथेच प्राध्यापक झाला. १९५६ मध्ये त्याने कागदावरचे आकडे पाहून उत्तम म्हणून एक स्टीरिओ घेतला आणि घरी लावल्यावर त्यातलं व्हायोलिन त्याला खोटं वाटलं. आकडे चांगले आणि आवाज वाईट, हे कसं, या प्रश्नाच्या मागे तो लागला आणि त्यातून १९६४ मध्ये कंपनी उभी राहिली. गोरेगावच्या नेस्को मैदानातल्या पाम एक्स्पोत दरवर्षी साऊंडचं सामान बघायला गर्दी उसळते. तिथे प्रत्येक स्टॉलवर आकडे विचारणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

खांबाचा दुसरा फायदा गाणाऱ्याला. डबे स्टेजच्या पुढे ठेवले, तर गायकाला स्वतःचा आवाज ऐकायला वेगळा मॉनिटर लागतो. मॉनिटर आला की माइक शिट्टी मारायचा धोका वाढतो. खांब गायकाच्या जरा मागे, बाजूला उभा करता येतो. श्रोते ऐकतात तेच तो ऐकतो. खांबाच्या जवळच्या टापूत आवाज अंतरासोबत सावकाश पडतो, दुप्पट अंतराला ६ऐवजी सुमारे ३ डेसिबल, त्यामुळे पहिली रांग आणि शेवटची रांग यांच्यातली तफावत निम्म्यावर येते. आणि तो तुकड्यांत सुटतो. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, उपनगरात चालतात. अंधेरीहून जोगेश्वरीला बैठकीला निघालेला गायक खांबाचे तुकडे पिशवीत, बेस पायाशी आणि हार्मोनियम मांडीवर घेऊन एका रिक्षात जाऊ शकतो. दोन डबे, दोन स्टँड आणि मॉनिटर म्हटलं की टेम्पो आलाच, आणि टेम्पोचं भाडं बऱ्याचदा गायकाच्या मानधनातून जातं.

खांब सगळीकडे चालत नाही. घाटकोपरच्या रस्त्यावरून विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी जाते, तिथे तो बिचारा काय करणार? बेंजो हे मूळचं जपानी वाद्य, १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतोचा वंशज; टायपरायटरसारख्या पट्ट्या दाबून तारा छेडायच्या. त्याचा तीक्ष्ण, तारेचा आवाज आणि भोंगा यांची जोडी अगदी चपखल आहे. भोंगा फार थोड्या विजेत फार मोठा आवाज देतो, म्हणून हातगाडीवर एक बॅटरी आणि अँप्लिफायर ठेवून आख्खी गल्ली नाचवता येते. भोंग्याला खालचे स्वर येत नाहीत, पण बेंजोला ते लागतही नाहीत. खालची बाजू ढोल-ताशा सांभाळतो. बेंजोवाल्यांनी भोंगा निवडला तो स्वस्त म्हणून, हे खरं, पण वाद्याच्या आवाजाला तो नेमका बसला, हेही तितकंच खरं. तसंच ऑक्टोपॅड, ढोलकी आणि बेस गिटारचा ऑर्केस्ट्रा असेल तर पंधरा इंची डबे आणि वेगळा बेस लागतोच. तिथे खांबाचा हट्ट धरू नये.

स्पीकरवर पैसे उधळून माइकवर वाचवायचे, ही चूक फार दिसते. शुअरचा एसएम ५८ हा १९६६चा माइक आजही गल्लीबोळांत चालतो, कारण तो पडला तरी टिकतो, समोरचं घेतो आणि पाठीमागचं बरंचसं टाळतो. त्याच्या आधीच्या वर्षीचा एसएम ५७ तबल्याला चांगला. माइक शिट्टी मारतो तेव्हा होतं एवढंच, की स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि फिरत राहतो. त्यावर अँप्लिफायर बदलण्याआधी माइक तोंडाजवळ आणावा: अंतर निम्मं केलं की ६ डेसिबलची उसंत मिळते, तीही फुकट. वापरात नसलेले माइक बंद करावेत. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की ३ डेसिबल जातात. बैठकीला बसून गाणाऱ्यांसाठी बुटके बूम स्टँड हवेत. ते नसले की उंच स्टँड वाकवून बांधतात आणि माइक गायकाच्या गळ्याऐवजी डग्ग्याकडे तोंड करून बसतो. हार्मोनियमला माइक भात्याला चिकटवू नये, हातभर अंतरावरून द्यावा. नाहीतर गाण्यापेक्षा भात्याचा श्वासच जास्त ऐकू येतो. रिव्हर्ब, म्हणजे यंत्राने घातलेला घुमारा, तर स्टिल्टमध्ये शून्यावर ठेवावा. ती जागा स्वतःच पुरेसा देते.

आता विजेबद्दल, आणि हे गांभीर्याने. सोसायटीच्या मीटर रूममधून लांब वायर ओढून लाइन घेतात. त्याच लाइनवर रोषणाईच्या माळा, हॅलोजन आणि पंखे. साऊंड लावला की गुंऽऽ असा पन्नास हर्ट्झचा हम सुरू होतो. तो घालवायला काही साऊंडवाले प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हम जातो, आणि त्याच्याबरोबर गायकाचं रक्षणही जातं. ओल्या फरशीवर अनवाणी बसलेला माणूस लोखंडी जाळीचा माइक हातात धरतो, आणि भाद्रपदात फरशी ओलीच असते. हम आला तर साऊंडची लाइन माळांपासून वेगळी घ्यावी, कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या वायरला डीआय बॉक्स (वायर आणि मिक्सर यांच्यामधला छोटा जोडडबा) लावून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण वापरावं. अर्थिंगला हात लावणाऱ्या माणसाला पुन्हा बोलावू नये.

शेजाऱ्यांचा प्रश्न कायद्याने सोडवला आहे, आपण तो वाचायला हवा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. लाऊडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त किंवा ७५च्या वर जाता कामा नये. दोहोंतलं जे कमी असेल ते. खासगी जागेच्या हद्दीवर तर मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच जास्त चालतात, म्हणजे सोसायटीच्या फाटकाशी दिवसा ६०. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं. चौकात भिंतीएवढा डॉल्बी रचणाऱ्यांना ही मर्यादा जाचक वाटते. बैठकीला ती पुरून उरते. शेवटच्या खुर्चीवर माणसाच्या बोलण्यापेक्षा थोडा मोठा आवाज मिळाला तर गाणं पूर्ण पोचतं, आणि खांबाचा आवाज वर फारसा उधळत नसल्याने दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळही झोपू शकतं.

विकत घ्यायचं असेल तर दुकानातल्या खोलीत ऐकून ठरवू नये. लॅमिंग्टन रोडवर कार्पेट आणि सामानाने भरलेल्या दुकानात कोणताही स्पीकर बरा वाजतो. एका संध्याकाळचं भाडं भरून तोच खांब आपल्या स्टिल्टमध्ये आणावा, गायकाला नेहमीची चीज गायला सांगावी आणि आपण पार मागे, जिन्याच्या दाराशी जाऊन बसावं. रिकामी जागा जास्त घुमते, माणसं भरली की घुमणं कमी होतं, हे धरून चालावं. विलंबितात शब्द कळतात का, द्रुतात कळतात का आणि तबल्याची चाट सुटी ऐकू येते का, एवढं ऐकावं. कळत नसेल तर आवाज न वाढवता खांब हातभर पुढे किंवा बाजूला सरकवून परत ऐकावं, कारण बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं आणि मोठा सेट घ्यायची वेळ येत नाही.