फेसात पडण्याचं शास्त्र

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अनेक ठिकाणी पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. ऑक्सफॅम या मदतसंस्थेने पुढच्याच वर्षी याची नोंद केली. तामिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात मृत बायकांची संख्या पुरुषांच्या जवळपास तिप्पट होती. कारणं बरीच होती. पोरांना टाकून पळणं आयांना जमलं नाही, हे त्यातलं एक. श्रीलंकेत आणखी एक साधं कारण पुढे आलं. पोहायला आणि झाडावर चढायला तिथे मुख्यतः मुलग्यांनाच शिकवत.

त्याच श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर अरुगम बे आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेची वाट बघत होड्या ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा तिथे लाटांचा हंगाम ऐन भरात असतो. दूर दक्षिणेकडच्या महासागरात वादळांनी उठवलेल्या लाटा तिथल्या भूशिराला वळसा घालत येतात आणि जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यामुळे सुबक फुटतात. परदेशी पाहुण्यांचं बघून गावातली पोरं सर्फिंग शिकली. बायका काठावरच राहिल्या. 2018 मध्ये इथे खास मुली-बायकांचा सर्फ क्लब निघाला, देशातला पहिला.

समुद्रात उतरलेली बाई घरी परतल्यावरही थोडी बदललेली असते, असं सर्फिंग करणाऱ्या बायका सांगतात. हे नुसतं भारावलेपण म्हणून सोडून देण्याआधी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्याकडे बघायला हवं. सापांची पराकोटीची भीती असलेल्या माणसांवर त्यांनी प्रयोग केले. आधी दुसऱ्याला साप हाताळताना बघायचं, मग हातमोजे घालून शिवायचं, मग उघड्या हाताने. भीती गेलीच, शिवाय यातल्या काही जणांना सापांशी संबंध नसलेल्या गोष्टींतही धीर आल्याचं दिसलं. 1977 मध्ये बांडुरांनी यावरून सेल्फ-एफिकसीचा, म्हणजे ‘हे मला जमेल’ या भरवशाचा सिद्धांत मांडला. हा भरवसा येण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतः करून बघणं. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना दिसणं. कौतुकाचे शब्द त्यानंतर. ‘तू करू शकतेस’ छापाच्या व्याख्यानांचा परिणाम चहा संपेपर्यंतच का टिकतो, ते यावरून कळावं.

लाटेत ही पायरी-पायरीची सोय आयतीच असते. साधारणपणे स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोल पाण्यात आली की लाट फुटते. तिथून काठापर्यंत उरतो तो पुढे सरकणारा फेस. नवशिकीला याच फेसात, कमरेएवढ्या पाण्यात, मऊ फोमच्या फळीवर पालथं झोपवतात. आधी पोटावरून घसरत जायचं, मग गुडघ्यांवर, मग पायांवर. पडली तर पाण्यातच पडते, आणि पुढची लाट काही सेकंदांत हजर असते. पडणं इतकं नेहमीचं होतं की त्याची लाज उरत नाही. बाईच्या पडण्याकडे गावाचं किती बारीक लक्ष असतं, हे ठाऊक असणाऱ्यांना याचं मोल कळेल. शिवाय अंगावर येणारी लाट दिसत असताना जुनं दुःख उगाळत बसायला मनाला सवड नसते.

आणि हे सगळं उभं राहण्याच्या क्षणांसाठीच, असंही नाही. स्पर्धेतल्या सर्फरांचा वेळ मोजला तेव्हा प्रत्यक्ष लाटेवर गेलेला वेळ जेमतेम चार टक्के निघाला. निम्मा वेळ हातांनी पाणी कापत जाण्यात गेला, उरलेला बराचसा थांबण्यात. अरुगम बेसारख्या ठिकाणी हा थांबण्याचा वेळ मला महत्त्वाचा वाटतो. घरकाम, पोरंबाळं आणि सासरची माणसं किनाऱ्यावर सोडून बायका एकमेकींशेजारी बसतात, अशा जागा गावात फारशा नसतात.

मात्र समुद्राला औषध ठरवायची घाई नको. सॅन डिएगोच्या नौदल रुग्णालयात नैराश्य असलेल्या सैनिकांच्या एका गटाला सर्फिंग दिलं, दुसऱ्याला डोंगरवाटांवरची भटकंती. दोन्ही गटांचं नैराश्य कमी झालं. काहीच न करणारा तिसरा गट तुलनेला नव्हता, त्यामुळे श्रेय लाटेचं, व्यायामाचं, सोबतीचं की नुसतं दिवस जाण्याचं, हे वेगळं काढणं कठीण. तीव्र नैराश्यात डॉक्टरला पर्याय म्हणून सर्फबोर्ड सुचवणं तर धोक्याचंच.

पण बांडुरांच्या माणसांना भीती सापाची होती, म्हणून उपचारालाही सापच लागला. अरुगम बेच्या बायकांना भीती पाण्याची होती, डोंगराची कधीच नव्हती. म्हणून तिथे पोहणं आधी शिकवावं लागतं, फळी त्यानंतर हातात येते.