डोक्यावर पदर घेऊन

आमच्या अक्कलकोटच्या घरात लावणी हा शब्द मोठ्याने उच्चारायची सोय नव्हती. गुरुवारी वटवृक्षाच्या देवळात आरती, एकादशीला उपास आणि रेडिओवर बातम्या, असा शिरस्ता. माझी विधवा आत्या मात्र 'आपली आवड' लागले की ज्वारी निवडायच्या निमित्ताने रेडिओजवळ येऊन बसे. एकदा सुलोचना चव्हाण गात असताना वडील दारात दिसले आणि मीच, दहावीतला शहाणा मुलगा, चटकन रेडिओ बंद केला. आत्या एवढेच म्हणाली, "अरे, ती बाई डोक्यावर पदर घेऊन गाते रे."

आत्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ते मला पुष्कळ उशिरा उमगले.

सुलोचनाबाई फडातल्या नव्हेत. माहेरच्या त्या कदम. जन्म १३ मार्च १९३३, मुंबईतला. गिरगावात फणसवाडीच्या श्रीकृष्ण बाळमेळ्यात लहानपणी कामे केली, आणि अजाण वयातच हिंदी चित्रपटांसाठी गाऊ लागल्या. रीतसर गायनशिक्षण झालेच नाही. गुरू भेटला तो घरातच. पती श्यामराव चव्हाण यांनी लावणीतला शब्द कसा टाकावा, कुठे थांबावे, हे त्यांच्याकडून घोटून घेतले. 'लावणीसम्राज्ञी' ही पदवी दिली आचार्य अत्र्यांनी. 'रंगल्या रात्री अशा' (१९६२), 'सवाल माझा ऐका' (१९६४), 'मल्हारी मार्तंड' (१९६५) या चित्रपटांनी त्यांचा आवाज गावोगाव पोचवला.

वाचकहो, फडावरची लावणी निम्मी गळ्याने आणि निम्मी डोळ्यांनी, पावलांनी म्हटली जाते. सुलोचनाबाईंनी हे दुसरे निम्मे सोडूनच दिले. समारंभातही ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर आणि अंग स्थिर. मग सारा खट्याळपणा जायचा कुठे? तो शब्दांत उतरला. ओळ संपता संपता त्या जी ठेच देत, तिच्यात अख्खा नाच मावे. पांढरपेशांसाठी त्यांनी लावणी धुऊन सोवळी केली, असे कोणी म्हणतात. मला ते पटत नाही. तिखट होते तेवढेच राहिले.

माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात. शाहीर रामजोशी आमच्या सोलापूरचे, पण त्यांची लावणी शिकवताना मुले गणित सोडवावे तसे अर्थ लिहून घेतात. म्हणून मी आधी सुलोचनाबाईंची ध्वनिफीत लावतो. मागच्या बाकावरची मुलेदेखील नेमक्या जागी हसतात. मग पुस्तक उघडायचे.

२०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या. आत्या तेव्हा नव्हती. संध्याकाळी मी माजघरात, तिच्या ज्वारी निवडायच्या जागेजवळ बसून मोबाइलवर त्यांची लावणी लावली. वडील पलीकडे जप करीत होते. त्यांनी माळ थांबवली नाही. पण "बंद कर" असेही म्हणाले नाहीत.