खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड : शब्द आणि त्यांचे परिणाम

कुटुंबांतील कर्ता पुरुष निवर्तला, तेरावा उरकला, आणि सासुरवाशिणी परत निघाल्या, कीं कागदांची पेटी उघडते व "येथें सही करा" असें सांगण्यांत येतें. तो कागद कोणता व त्यानें कोणाचें काय जातें, हें विचारणें सुशिक्षित घरांतही अप्रशस्त मानलें जातें. हें मौन आम्हांस घातक वाटतें. कारण कायदा भावना पाहत नाहीं, दस्तांतील शब्द पाहतो.

भंडारा जिल्ह्यांत तर हे शब्द राजवटींबरोबर पालटत आले आहेत. मध्यप्रांतांत असतांना येथें मालगुजारी होती, आणि सीर, खुदकाश्त, मौरूसी हे शब्द घरोघर परिचित होते. ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारांचे मालकी हक्क सरकारकडे गेले. त्यांबरोबर तलावही गेले, म्हणूनच त्यांस आज 'माजी मालगुजारी' अर्थात् 'मामा' तलाव म्हणतात. पुढें १९५४ च्या मध्यप्रदेश संहितेनें 'भूमिस्वामी' व 'भूमिधारी' निर्माण केले. १९५६ मध्यें जिल्हा मुंबई राज्यांत आला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें 'भोगवटादार वर्ग १' व 'वर्ग २' हे शब्द दिले. वर्ग २ च्या जमिनीचें हस्तांतरण करण्यास सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तेव्हां व्यवहारापूर्वीं सातबाऱ्यावरील हा शब्द प्रथम पाहावा.

आतां हस्तांतरणाचे प्रकार पाहूं. यांतील बहुतेकांचा आधार १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा होय.

खरेदीखतानें मोबदला घेऊन मालकी दिली जाते. शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावराचें खरेदीखत नोंदविलेंच पाहिजे. इसारपत्र वा साठेखत हा केवळ विक्रीचा करार. त्यानें मालकी जात नाहीं. मुखत्यारपत्रावर घर 'विकत घेतल्याचा' समज अनेकांस असतो. परंतु अशा कागदानें मालकी मिळत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें स्पष्ट केलें.

गहाणांत मालकी ऋणकोचीच राहते. मुदतखरेदीचें रूप मात्र फसवें : दिसते विक्री, हेतु कर्जाचा. जमीन परत देण्याची अट त्याच दस्तांत नसेल, तर कायदा त्यास गहाण मानीत नाहीं. तोंडी वचनावर विसंबणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

बक्षीसपत्रास मोबदला नसतो. परंतु नोंदणी, दोन साक्षीदार व दात्याच्या हयातींत स्वीकार हीं तिन्ही लागतात. तें पूर्ण झाल्यावर केवळ मन पालटलें म्हणून परत घेतां येत नाहीं. यास्तव वृद्धांनीं राहतें घर देतांना, आपला सांभाळ करण्याची अट दस्तांत स्पष्ट लिहवून घ्यावी. तशी अट मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यान्वयें दाद मागतां येते. मृत्युपत्र याच्या उलट : तें मृत्यूनंतर अमलांत येतें, हयातींत केव्हांही बदलतां येतें, त्यास दोन साक्षीदार लागतात, आणि नोंदणी ऐच्छिक आहे.

वाटणीपत्रानें प्रत्येकाचा हिस्सा वेगळा होतो. हक्कसोडपत्रानें मात्र एक सहहिस्सेदार आपला हिस्सा इतरांच्या लाभांत सोडून देतो. तेराव्यानंतर बहिणींपुढें येतो तो बहुधा हाच कागद. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेंच मुलाप्रमाणें सहदायाद आहे, आणि त्या दिवशीं पिता हयात असणें आवश्यक नाहीं, असा निर्णय २०२० मध्यें झाला. बहिणीनें स्वेच्छेनें हक्क सोडला, तर तिचें औदार्य; न कळतां सोडला, तर तो अन्याय होय.

शेवटीं फेरफाराविषयीं. तलाठ्याकडील नोंद ही महसुलाच्या सोयीची. न्यायालयांनीं पुनःपुन्हा सांगितलें आहे, कीं तिनें मालकी निर्माण होत नाहीं व नष्टही होत नाहीं. नांव चढलें म्हणून कोणी निश्चिंत होऊं नये, उतरलें म्हणून हताशही होऊं नये. मूळ दस्त शोधावा.

आमच्या वाचकांस आमची सूचना इतकीच, कीं घरांतील प्रत्येक दस्त एकदां सर्वांसमक्ष, लेकीसुनांसह, मोठ्यानें वाचावा. ज्या एकोप्यास असें वाचन सोसत नाहीं, तो कागदावर सह्या घेऊन टिकणारा नव्हे.