मूल होत नाही? डॉक्टरकडे कधी जायचे आणि कोणी जायचे?

निकाहला सहा महिने झाले की आपल्याकडे विचारणा सुरू होते, "काही खुशखबर?" वर्ष उलटले की बोट सुनेकडे जाते. मग कुणी तावीज आणते, कुणी सैलानीच्या दर्ग्यावर मन्नत मागते, कुणी जडीबुटीची पुडी देते. चिखली असो, मेहकर असो की खामगाव, तीन-चार वर्षे अशीच निघून जातात.

दुआ जरूर करावी. हजरत जकरिया (अलै.) यांनीही म्हातारपणी औलादीसाठी दुआ केली होती. पण म्हातारपण सोडून प्रत्येक आजारावर अल्लाहने दवा ठेवली आहे, म्हणून इलाज करा, ही शिकवणही आपल्या नबी (स.) यांचीच आहे.

मग इलाजाची वेळ कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार, गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध ठेवून १२ महिन्यांत दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. त्याआधी घाबरू नका. बहुतेक जोडप्यांना वर्षभरात दिवस राहतात. नवरा पुण्याला किंवा आखातात कामाला असेल, तर सोबत राहिलेले महिनेच मोजावेत.

पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिनेच थांबावे. चाळिशी ओलांडली असेल तर लगेच जावे.

पुढीलपैकी काही असेल तरी वर्षभर वाट पाहू नये:

- पाळी अनियमित किंवा बंद असणे, पाळीत असह्य दुखणे
- पूर्वी टीबी, ओटीपोटाचा संसर्ग किंवा ऑपरेशन झालेले असणे
- वारंवार गर्भपात होणे
- वयात आल्यावर गालगुंड होऊन पतीचे अंडकोष सुजलेले असणे, किंवा लहानपणी अंडकोष खाली न उतरलेले असणे

आता खरी गोष्ट. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण सापडते. तरी आपल्याकडे बाईच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालतात आणि नवरा एकदाही जात नाही. वीर्यतपासणी सगळ्यात सोपी आहे. खर्च कमी, सुई नाही, दुखत नाही. आधी २ ते ७ दिवस संबंध टाळावा लागतो, इतकेच. रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात. तंबाखू आणि जिममधली ताकदीची इंजेक्शने शुक्राणू घटवतात. यात मर्दानगीचा प्रश्नच नाही.

बाईची रक्ततपासणी, थायरॉइड, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास गर्भनलिकांचा एक्स-रे होतो. गर्भाशयाचा टीबी अनेकदा गुपचूप नलिका बंद करतो. टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातील स्त्रीरोगतज्ज्ञांपासून करावी. पुढे गरज भासल्यास अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. टेस्ट ट्यूब बेबीचा खर्चिक इलाज प्रत्येकाला लागत नाही. लागलाच, तर २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणी झालेलेच केंद्र निवडावे. हा इलाज जायज आहे का, असेही विचारले जाते. अल-अजहरच्या १९८० च्या फतव्याप्रमाणे निकाहात असलेल्या पती-पत्नीचेच बीज वापरले तर तो जायज आहे, तिसऱ्या व्यक्तीचे नाही. शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारावे.

सासू-सासऱ्यांना आमची एकच विनंती आहे. मुलगा, मुलगी देणे किंवा न देणे अल्लाहच्या हाती आहे, असे कुरआन सांगते. मग सुनेला टोमणे कशासाठी? तलाक किंवा दुसऱ्या निकाहची भाषा काढण्याआधी मुलाचा रिपोर्ट पाहा. आणि डॉक्टरकडे जाताना दोघांना सोबत पाठवा.