गाळात नोंदलेला मोसमी वारा

उन्हाळ्यात नैऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतात, तेव्हा पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. अशा पाण्यात ‘ग्लोबिजेरिना बुलॉयडिस’ हा चुनखडीचे कवच असणारा एकपेशीय जीव विपुल वाढतो आणि मेल्यावर त्याचे कवच तळाच्या गाळात साचते. समुद्रतळात लांब नळी रुतवून काढलेला गाळाचा दंडगोल, म्हणजेच गाभा, थराथराने कापला जातो. प्रत्येक थराचा नमुना चाळणीवर धुऊन वाळवला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या, बारीक कुंचल्याने एकेक कवच वेचून मोजले जाते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही गाळाच्या गाभ्यांवर असे संशोधन चालते. थरांचे वय सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत कार्बन-१४ वरून ठरवता येते.

या मोजणीतून असे दिसते की सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगात उन्हाळी मोसमी वारे क्षीण होते, तर सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या अधिक जवळ येत असल्याने, ते अतिशय प्रबळ झाले आणि पुढे हळूहळू मंदावले.

मात्र ही कवचे वाऱ्याचा जोर सांगतात, पावसाचे प्रमाण नव्हे, हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. पावसासाठी बंगालच्या उपसागरातील कवचांतील ऑक्सिजनची समस्थानिके तपासली जातात, कारण नद्यांच्या पुराच्या गोड्या पाण्यात जड ऑक्सिजन-१८ चे प्रमाण कमी असते.